पहिल्यापासून सांगा

सांत्वनाला गेल्यावर "तुमचं बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे सर.

आमच्या ऑफिसच्या मालकांचे चुलते वारले होते म्हणून आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो होतो. चुलती भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या बोलायला लागल्या तसा सरांचा हात सवयीनं खिशात गेला आणि ते वाक्य तोंडातून निसटलं. सगळे चपापले. मालकांनी तर डोळेच मिटून घेतले. चुलतींनी मात्र पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "करा. त्यांचं कुणी तरी नीट ऐकलं पाहिजे." मग त्या कितीतरी वेळ बोलल्या. चुलते रागावले की कसे जेवायचे नाहीत आणि भूक लागली की कसे गुपचूप शेंगदाणे खायचे, हे सांगताना त्यांना हसूही आलं.

जिना उतरताना मालक म्हणाले, "सर, निदान इथं तरी!"

"मी चालू कुठं केलं होतं?" सर म्हणाले. "पण विचारलं नसतं तर त्या बोलल्या नसत्या."

नगरला सावेडीत, एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. मोबाईलमधली ॲप कशी दिसावीत, कुठलं बटण कुठं असावं, हे ठरवायचं आमचं काम. बटणं आम्ही पोरंपोरी काढायचो. ती बटणं लोकांना कळतात का, हे शोधणं सरांकडे होतं. ते पन्नाशीच्या पुढचे, उंच, वाकलेले, सदऱ्याला दोन खिसे. पूर्वी ते एका दैनिकात पानं लावायचे. हातानं पान लावायचं काम संपलं तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी दुकानं टाकली, काहींनी शेती धरली. सर मात्र कॉम्प्युटरवर बसले आणि उठलेच नाहीत. आम्ही त्यांना पाठीमागं 'सर्व्हे सर' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा त्यांनीच मला विचारलं, "हे नाव पहिल्यांदा कुणी वापरलं? रागवायचं नाही मला, फक्त उगम हवाय."

मी पाथर्डीकडच्या तिसगावची. नोकरीच्या मुलाखतीला माझी सगळी चित्रं, सगळे नमुने घेऊन गेले होते. सरांनी त्यातलं एकही पाहिलं नाही. म्हणाले, "मागच्या वेळी एसटीत जागा कशी मिळवलीत? पहिल्यापासून सांगा." मी सांगितलं, की गाडी थांबायच्या आत खिडकीतून ओढणी टाकली, आत गेले तर ओढणीवर एक आजोबा बसलेले, मग मी त्यांना म्हणाले की आजोबा, तुम्ही बसा, पण ओढणी द्या, आणि ओढणी काढायला ते उठले तशी मी बसले. सर खुर्चीत मागे रेलून इतके हसले की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

"मत विचारायचं नाही," हा त्यांचा पहिला धडा. "आपल्याकडं पाहुण्याला कुणी वाईट सांगत नाही. ॲप आवडलं का विचारलंत तर लोक म्हणणार, छान आहे, चहा घ्या. मागच्या वेळी काय झालं ते विचारा. झालेल्या गोष्टीत लाजायला जागा कमी असते."

हा नियम ते ऑफिसबाहेरही पाळायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी मुलीला विचारलं, "अगदी अलीकडं तुमच्या मनाविरुद्ध काय झालं? पहिल्यापासून सांगा." पुतण्याचा घास घशात अडकला. मुलगी शांतपणे म्हणाली, "आजच झालं. मैत्रिणीच्या बाळाला बघायला जायचं होतं. तुम्ही येणार म्हणून सकाळपासून साडी नेसून बसलेय." सर बाहेर आले आणि भावाला म्हणाले, "ही खरं बोलते. तारीख काढ." ते लग्न झालं. ती सून अजूनही सरांशीच सगळ्यात जास्त बोलते, असं त्यांच्या घरचे सांगतात.

आता त्यांच्या साधनांविषयी सांगायला हवं, कारण सरांचा खरा जीव त्यांत होता. लोक स्क्रीनवर कुठं बघतात ते टिपणारं एक, कुठं बोट ठेवतात ते दाखवणारं दुसरं, बोललेलं लिहून काढणारं तिसरं, लिहिलेल्याचा सारांश करणारं चौथं. रोज जगात कुठं तरी नवं निघायचं आणि संध्याकाळपर्यंत सरांना ते सापडलेलं असायचं. बाजारात बैल बघावा तसे ते नव्या साधनाभोवती फिरायचे. पैसे देऊन मात्र क्वचितच घ्यायचे. फुकट वापरायची मुदत असायची, तेवढ्यात काम उरकायचं. मुदत संपली की दुसऱ्या नावानं पुन्हा. स्वतःचं नाव संपलं, मग काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मग मेव्हण्याचं, आणि शेवटी वडिलांचं. वडील कधीच गेले होते. त्यांच्या नावानं मात्र परदेशातून कंपन्यांचे निरोप यायचे: 'तुम्ही बरेच दिवस दिसला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते. परत या.' सर ते वाचून गंभीर व्हायचे. म्हणायचे, "आमच्या भावकीतनं असं एकही पत्र आलं नाही."

खंडेनवमीला ते शस्त्रपूजा करायचे. लॅपटॉपवर झेंडूचं फूल, कॅमेऱ्याला हळदकुंकू. जी साधनं फक्त इंटरनेटवर होती त्यांची चिन्हं कागदावर छापून पाटावर मांडायचे. एका वर्षी मालकांनी विचारलं, "ह्या टोकाच्या चिन्हाला कुंकू का नाही?" सर म्हणाले, "त्यानं जुलैत दर वाढवलेत."

कुठलंही साधन आधी घरी तावून सुलाखून घ्यायचं, मग ऑफिसात आणायचं. म्हणजे आधी काकूंवर. स्क्रीनवर बोटं कुठं जास्त पडतात ते तांबड्या रंगात दाखवणारा नकाशा त्यांना मिळाला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कॅमेरा लावून काकूंच्या हातांचा तसा नकाशा काढला. त्यावरून रविवारी सगळे डबे हलवले. सोमवारी सकाळी काकूंनी चहा आणून ठेवला. सरांनी एक घोट घेतला. चहात मीठ होतं.

"चहाविषयी बोलू का?" सरांनी विचारलं.

"बोलू नका," काकू म्हणाल्या. "प्या."

डबे मंगळवारी जागेवर गेले. हे सगळं आम्हाला सरांनीच सांगितलं, नकाशासकट.

एप्रिलातलं त्यांचं एक रूप मात्र आम्हाला सोसत नसे. लोक जे जे बोलले ते लहानलहान रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून ते भिंतभर चिकटवायचे. मग पंखा बंद. नगरचा एप्रिल, वर पत्रा, खाली मिठाईवाल्याची भट्टी, आणि पंखा बंद! कुणी बटणाकडं हात नेला की ते दोन्ही हात पसरून भिंतीपुढं उभे राहायचे. "पंखा लावला की माणसं उडतात!" त्यांच्या लेखी चिठ्ठी म्हणजे माणूसच होतं. पडलेली चिठ्ठी ते "अरे अरे" करत उचलायचे.

बोललेलं लिहून काढणाऱ्या साधनानं त्यांना एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. पाथर्डीकडच्या बायांशी आम्ही बोललो होतो. ते बोलणं साधनात घातलं, त्यानं इंग्रजी केलं, सारांश काढला. तो सारांश सरांनी मोठ्या खुशीत पुण्याला, काम देणाऱ्यांना पाठवला. त्यात पहिलंच निरीक्षण होतं, की या भागातले लोक अतिशय अगत्यशील असून प्रत्येक वाक्यात समोरच्याला अभिवादन करतात. पुण्याचे लोक फार भारावले. मी मूळ आवाज ऐकला तेव्हा उलगडा झाला. बाई म्हणत होती, "मोबाईल हाय, पन रेंज न्हाई. दुकान हाय, पन बंद हाय." त्या यंत्राला प्रत्येक 'हाय' रामराम वाटला होता.

सर ते ऐकून डोकं धरून बसले. मग म्हणाले, "तरी चूक आपलीच. यंत्राला तिसगावला नेलं नाही आपण." त्या साधनावरचा त्यांचा विश्वास मात्र तसूभरही कमी झाला नाही. हे मला कळायचं नाही. माणसाचा एकही शब्द पारखल्याशिवाय न घेणारा हा माणूस, पण यंत्रानं रंगीत ठिपका दाखवला की देवाचा कौल मिळाल्यासारखा मान डोलवायचा.

त्यातूनच ते फोटोचं प्रकरण झालं.

पाथर्डीकडची पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुलं गावातच, शाळेच्या वसतिगृहात राहतात. एका संस्थेनं आम्हाला ॲप करायला सांगितलं होतं. पोरगं शाळेत हजर आहे का, बरं आहे का, हे आईबापाला उसाच्या फडावर बसून कळावं म्हणून. मी एक साधी स्क्रीन केली होती. वर पोराचा त्या आठवड्याचा फोटो, खाली हिरवी खूण म्हणजे हजर, तांबडी म्हणजे गैरहजर. त्या मोसमात काही कुटुंबांना ते वापरायला दिलं, त्यांची परवानगी घेऊन सरांनी आपलं साधनही आत बसवलं. कोण कुठं बोट लावतं ते आम्हाला नगरमध्ये दिसायचं.

महिन्याभरात सगळ्या फोटोंवर लाल ठिपके. एकाच जागी पुन्हा पुन्हा बोट पडलं की ते साधन त्याला 'संताप' म्हणायचं. बटण चालत नसलं की माणूस चिडून टकटक करतो, तसं. आमच्या फोटोवर संतापाचा नुसता सडा पडला होता.

संस्थेचे साहेब पुण्याहून फोनवर म्हणाले, "लोकांना ते बटण वाटतंय. उघडत नाही म्हणून चिडतायत. शिवाय फोटोला डेटा लागतो. काढून टाका, नुसती खूण ठेवा." सरांनी मान डोलावली. अहवाल तयार केला: फोटो काढून टाकावा. मला वाईट वाटलं, पण ठिपक्यांपुढं काय बोलणार?

अहवालात एक चौकट रिकामी राहिली होती. प्रत्येक निष्कर्षाखाली वापरणाऱ्याचे स्वतःचे शब्द घालायचे असा सरांचा दंडक. संतापाखाली शब्दच नव्हते.

"तुम्हीच लिहा काही तरी," मालक म्हणाले. "'फोटो उघडत नाही, त्रास होतो.' झालं."

"संताप त्यांचा आणि शब्द माझे?" सर म्हणाले. "तसं नाही होणार. मी जाऊन आणतो."

म्हणून आम्ही दोघं निघालो. एसटीनं आमच्याच जिल्ह्यातलं कर्जत, तिथून पुढं उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवर. वाटेत धुळीनं पांढरे झालेले सर मला बजावत होते, "संताप म्हणजे नाजूक माल. आपण समजूत घालायची नाही. जसाच्या तसा उचलायचा."

फडावर पोचलो तेव्हा दुपारची भाकरी चालली होती. ज्यांच्या फोनवर सगळ्यात जास्त ठिपके होते ते जोडपं आम्हाला भेटलं. त्यांची राणी दुसरीत होती. राणीच्या आईनं आम्हाला पाचटावर, उसाच्या वाळल्या पाल्यावर, पोतं अंथरून दिलं. सरांनी आपलं नेहमीचं विचारलं, बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल ना.

"करा की," राणीचा बाप म्हणाला. "आमचं बोलनं रेकाड करनारा पयलाच मानूस बगितला. मुकादम तर ऐकत बी न्हाई."

सर राणीच्या आईकडं वळले. "मागच्या वेळी तुम्ही मोबाईलमध्ये राणीचं ॲप उघडलं. तेव्हा काय झालं? पहिल्यापासून सांगा."

"काय व्हायचं? उगाडलं. फोटू आला. बगितला."

"मग?"

"मग काय. बगितला."

"मग?" सर थांबले. असं थांबणं फार कमी लोकांना जमतं. समोरच्याला ओझं वाटत नाही आणि जागा तर मिळते.

बाईनं नवऱ्याकडं पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला, परत ठेवला. "गालाला कायतरी लागल्यालं दिसतंय तिच्या. शाई हाय का काय हाय, कळंना. पुसत हुते."

नवरा एकदम हसला. "अगं, फोटू पुसती व्हय? तरीच म्हनलं काच कशानं घासली!"

"मला काय कळत न्हाई व्हय, फोटू हाय म्हनून?" ती लाजली, पण डोळे वर करून सरांकडं पाहत म्हणाली, "हात जातोच की."

सरांनी 'मग' म्हटलं नाही. चष्मा काढला, धुळीच्या सदऱ्याला पुसला, त्यानं तो आणखीच मळला, तसाच घातला. आणि मग जन्मात न केलेली गोष्ट त्यांनी केली. उत्तर प्रश्नातच घालून विचारलं, "म्हणजे हा फोटो काढून नुसती हिरवी खूण ठेवली, तर तुम्हाला चालणार नाही. हो ना?"

बाईनं पदर कमरेला खोचला. "काडनार हाय तुमी?"

"नाही, म्हणजे तसा विचार..."

"कुनी सांगितलं काडायला?" ती उठून उभीच राहिली. "हिरवी टिकली बगायला मोबाईल घेतला व्हय आमी? टिकली काय माजी लेक हाय? ठिवा तुमचं ॲप तुमच्यापाशी! ह्या बाईला इच्यारा," माझ्याकडं बोट करत, "हिची आई हिला टिकलीत बगती का ते!"

शेजारच्या कोपीतल्या, पाचटाच्या झोपडीतल्या, बायाही जमल्या. त्यांनाही कळलं फोटो जाणार आहे. मग जो गलका झाला! एक म्हणाली तिनं बाळ्याच्या भांगात बोट फिरवलं होतं, एक म्हणाली ती रोज फोटोला घास दाखवते. सर मधोमध पोत्यावर बसून सगळ्यांची बोलणी खात होते, आणि मी शपथेवर सांगते, इतका सुखी माणूस मी पाहिलेला नाही. निघताना राणीच्या बापानं आम्हाला उसाची कांडी दिली आणि हळूच म्हणाला, "मनावर घिऊ नका. पन काडू बी नका."

ट्रॅक्टरवर मी म्हटलं, "सर, तुम्ही चक्क उत्तर त्यांच्या तोंडात घातलंत."

"हो," सर म्हणाले. "चुकलंच ते." थोड्या वेळानं कांडं सोलता सोलता म्हणाले, "पण संताप मिळाला."

साहेब नगरला आले त्या दिवशी सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी उभं राहून सांगितलं, "माझा अहवाल चुकला. फोटो काढून टाकू नये." आणि राणीच्या आईचा आवाज लावला. खोलीत 'टिकली काय माजी लेक हाय' घुमलं.

साहेब खुर्चीत हलले. "सर, भावना समजतात. पण एका बाईच्या सांगण्यावर निर्णय फिरवायचा?"

"मी एका यंत्राच्या सांगण्यावर घेतला होता," सर म्हणाले. "बाई निदान फोटोतल्या मुलीला ओळखते."

मग त्यांनी इतर फोनांवरचे ठिपके एकेक करून दाखवले. बटण समजून माणूस टोचतो तो कोपऱ्यात किंवा मधोमध. हे ठिपके तसे नव्हते. गालावर, कपाळावर, केसांवर होते. एका मुलाच्या सुटलेल्या गुंडीवर तर आठवडाभर बोटं पडत होती. साहेबांनी ती गुंडी मोठी करून पाहिली. स्वतःचा मोबाईल उचलला, पालथा ठेवला. म्हणाले, "डेटाचं काय करणार?" मी म्हणाले, फोटो हलका करते. त्या रात्री नाही, पण आठवड्यात केला. फोटो राहिला.

सरांनी त्या साधनाच्या कंपनीलाही लिहिलं, की तुमच्या 'संताप' या खान्याशेजारी 'माया' असा एक खाना असावा, कारण बोटांवरून दोन्ही सारखंच दिसतं. उत्तर आलं, ते वडिलांच्या नावानं.

पुढच्या मोसमात ॲप सगळ्या वसतिगृहांत गेलं. दिवाळी होऊन काही आठवडे झाले असतील, ऑफिसात फोन आला. राणीच्या वसतिगृहाच्या बाई होत्या. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"हे तुमचं फोटोचं कुणाच्या डोक्यातून निघालं हो?" बाई कडाडल्या. "दर शनिवारी फोटो गेला की रविवारी फडावरून फोनावर फोन. हिच्या डोक्याला तेल का न्हाई? त्याची गुंडी कुठं गेली? नाक कुनी पुसायचं? अहो, चाळीसेक पोरं हायत माझ्याकडं! आता शुक्रवारी संध्याकाळी रांगेत बसवून न्हाऊ घालते, तेल लावते, वेण्या घालते. शाळा शिकवायची का सलून चालवायचं?"

"बरोबर आहे," सर म्हणाले.

"बरोबर काय आहे! तेलाची बाटली दोन शुक्रवार पुरत न्हाई. ते कोन आणनार?"

सरांनी फोन ठेवला, चप्पल घातली आणि खाली उतरले. अर्ध्या तासानं आले ते खोबरेल तेलाचा मोठा डबा, कंगव्यांचं पाकीट आणि गुंड्यांचा पुडा घेऊन. पाथर्डीच्या गाडीत डबा चढवून परत आले आणि पावती मालकांपुढं ठेवली.

मालकांनी पावती उलटसुलट पाहिली. "खोबरेल तेल? सर, हे मी कुठल्या खात्यात टाकू?"

सर तोवर आपल्या स्क्रीनकडं वळले होते. मान न वळवताच म्हणाले, "संशोधनाची साधनं."